हिवाळ्यातलं कानाझावा : दोघांच्या सहा दिवसांच्या सहलीची टप्प्याटप्प्याने आखणी

जानेवारीत टोकियोत आकाश निळं आणि हवा कोरडी असते. तिथून शिंकानसेन या बुलेट ट्रेनने अडीच तासांत कानाझावाला उतरलं की ढग, पाऊस, गारा आणि मध्येच भुरभुरणारा बर्फ. असं का, हे मराठी माणसाला समजायला वेळ लागत नाही. कानाझावा कोकणात आहे आणि टोकियो देशावर. आपल्याकडे अरबी समुद्रावरचं बाष्प सह्याद्रीला अडतं, तसेच सैबेरियाचे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि मधल्या डोंगररांगांना अडून किनाऱ्याकडच्या बाजूला सगळं ओतून टाकतात. डोंगरापलीकडे टोकियोला उरतं कोरडं ऊन. 'डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस' अशी तिकडची म्हणच आहे.

हे आधी सांगतेय, कारण बर्फाचे फोटो पाहून कानाझावाला जाणारे बरेच जण पहिल्या दिवशी पावसात भिजून हिरमुसतात. आम्ही दोघं गेलो तेव्हा आमचंही पहिल्या संध्याकाळी तेच झालं. शहरात बर्फ साचेलच याची खात्री नसते, कारण जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या वर, चार अंशांच्या आसपास असतं. पण बर्फ येणार म्हणून तिथल्या माणसांनी शेकडो वर्षं जी तयारी जपली आहे, ती रोज आणि नक्की दिसते. दोऱ्यांनी तोललेली झाडं, पेंढ्याच्या चटया बांधलेल्या भिंती, साठ अंशांत उतरणारी छपरं. सहल या तयारीभोवती आखा. मग बर्फ पडला तर तो वरची कमाई.

महिना ठरवताना

माझं मत स्पष्ट आहे : जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. केनरोकुएन बागेतल्या झाडांच्या दोऱ्या १ नोव्हेंबरपासून बांधायला घेतात आणि १५ मार्चपासून सोडतात, म्हणजे दोऱ्या बऱ्याच काळ पाहता येतात. पण शिराकावा-गो गावात भरपूर बर्फ हवा असेल तर हाच महिना. २९ डिसेंबर ते ४ जानेवारी हे दिवस टाळा. नववर्षामुळे बाजार आणि संग्रहालयं बंद असतात, हॉटेलं महाग असतात.

मासे खाणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. इशिकावा प्रांतात झुवाई जातीच्या खेकड्याचा हंगाम ६ नोव्हेंबरला सुरू होतो. मादी खेकडा, ज्याला तिथे कोबाको म्हणतात, २९ डिसेंबरपर्यंतच पकडतात. नर मात्र २० मार्चपर्यंत मिळतो. फक्त कोबाकोसाठी जायचं असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा गाठा.

दिवस लहान असतो. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. दुपारी चारनंतर बाहेरचं काही नवं सुरू करू नका.

व्हिसा आणि कागदपत्रं

भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून जपानचा पर्यटक ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसा-अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रामार्फतच द्यायचा. बँकेचं विवरण, प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि रोजचा कार्यक्रम तारीखवार लागतो. दोघांपैकी एकच जण खर्च करणार असेल तर नातं दाखवणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, सोबत जोडा.

ई-व्हिसा विमानतळावर फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा फोनमधला फोटो चालत नाही. म्हणून उतरल्या उतरल्या डेटा चालू होईल अशी सोय भारतातूनच करा. सीमाशुल्काची माहिती 'व्हिजिट जपान वेब'वर आधी भरली की रांग लवकर सरकते. मांसाचे पदार्थ, ताजी फळं आणि भाज्या सामानात नकोत. कढीपत्त्याची जुडीसुद्धा घरीच ठेवा.

प्रवासाची दिशा

टोकियोहून जाऊन टोकियोलाच परत येऊ नका. टोकियो, कानाझावा, मग क्योटो-ओसाका असा कमानीसारखा मार्ग घ्या आणि परतीचं विमान ओसाकाच्या कान्साईहून पकडा. याच मार्गासाठी परदेशी पर्यटकांना 'होकुरिकु आर्च पास' मिळतो. तो सात दिवस चालतो. देशभरचा सात दिवसांचा जेआर (जपान रेल्वे) पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाला. एवढ्याच प्रवासासाठी तो घेऊ नका.

टोकियो ते कानाझावा 'कागायाकी' ही शिंकानसेन सर्वांत वेगवान. तिच्यात सगळ्या जागा आरक्षित असतात. 'हाकुताका' तीन तासांच्या आसपास घेते आणि तिला अनारक्षित डबे असतात. डाव्या खिडकीची जागा मागा. नागानो सोडल्यावर बोगद्यांमागून बोगदे येतात आणि त्यांतून बाहेर पडलं की तोयामाजवळ आकाश मोकळं असेल तर डावीकडे तातेयामाची रांग उभी दिसते.

मोठ्या बॅगा गाडीत ओढत नेऊ नका. टोकियोच्या हॉटेलातूनच 'ताक्क्युबिन' या कुरियर सेवेने कानाझावाच्या हॉटेलला पाठवा. स्वागतकक्षात फॉर्म भरायचा, पैसे द्यायचे, बॅग बहुतेक दुसऱ्या दिवशी पोहोचते. एका रात्रीपुरते कपडे पाठीवरच्या पिशवीत ठेवा. बर्फाच्या चिखलातून चाकांची बॅग ओढण्यापेक्षा हे पैसे सार्थकी लागतात.

मुक्काम

चार रात्री कानाझावात, एक रात्र गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, म्हणजे ओन्सेनच्या, गावी. टोकियो सोडल्यापासून क्योटो गाठेपर्यंत सहा दिवस होतात, टोकियो आणि क्योटोच्या रात्री वेगळ्या. कानाझावातलं हॉटेल स्टेशनजवळ घ्या. जुन्या भागातल्या लाकडी घरांत राहण्याचा मोह होतो आणि तो अनुभव सुंदरही असतो, पण शिराकावा-गोची बस स्टेशनच्या पूर्वेकडच्या दारातून सकाळी सुटते. अंधारात, पावसात पोहोचायचं तर जवळ असलेलं बरं. त्याच दाराबाहेर तुमचं स्वागत करेल ती त्सुझुमी-मोन ही प्रचंड लाकडी कमान. नोह नाट्यातल्या डमरूसारख्या त्सुझुमी वाद्यावरून तिचा आकार घेतला आहे. मागे २००५ साली पूर्ण झालेला काचेचा घुमट आहे, येणाऱ्याच्या डोक्यावर छत्री धरावी या विचाराने बांधलेला.

शहरात फिरायला लूप बस आहे, दोन्ही दिशांनी. दिवसाचा पास ८०० येनला मिळतो. तीन-चार वेळा चढउतार असेल तरच घ्या. साध्या बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना पुढे चालकाजवळ पैसे टाकायचे. सुट्टी नाणी जवळ ठेवा.

कपडे : इथे कसूर नको

थंडी कमी आणि ओल फार, असा हा हिवाळा आहे. अंगाला थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, सर्वांत वर पाणी न शिरणारं, टोपीचं जाकीट. जीन्स नको, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. बूट जलरोधक आणि तळ खाचांचा हवा. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला तिथे रस्त्यातच बसवलेल्या नळ्यांतून भूजलाची कारंजी उडतात. बर्फ जातो, पण ओलांडताना घोट्यापर्यंत पाणी लागतं. आमचे साधे बूट पहिल्याच संध्याकाळी भिजले आणि रात्रभर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवावे लागले.

बूट चटकन काढता-घालता येणारे असावेत, कारण जुनी घरं, देवळं, कित्येक उपाहारगृहं यांत बाहेर काढूनच शिरायचं असतं. मोज्यांचे जोड जास्त घ्या. 'काइरो' नावाच्या गरम पुड्या कोणत्याही कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या छोट्या दुकानात, मिळतात. चिकटवायच्या पुड्या कपड्यावर लावा, कातडीवर कधीच नको, आणि झोपताना काढून ठेवा. खोबरेल तेल बाटलीत गोठून बसतं, त्यापेक्षा व्हॅसलीन बरं.

जेवणाचा प्रश्न

शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा. अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. वाळवलेल्या माशाच्या कीसापासून केलेलं हे पाणी मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, भाज्यांची उसळ अशा सगळ्यांत असतं. 'मांस नाही' म्हटलं की दाशी वगळतात असं नाही. म्हणून हे वाक्य पाठ करा : 'निकु तो साकाना वा ताबेमासेन. दाशी मो दामे देस.' मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही. जपानी लिपीत लिहिलेला कागद जवळ असेल तर आणखी चांगलं. रात्रीच्या जेवणाचं आरक्षण करताना हॉटेलकडूनच फोन करवून घ्या.

कानाझावात शाकाहाराला जवळची अशी स्थानिक चीजही आहे. गव्हाच्या चिकापासून केलेलं 'फू', काळजीपूर्वक विचारून घेतलं तर छान लागतं. गोरोजिमाचं रताळं भाजलं की मधासारखं गोड. कागाचं कमळकाकडीचं पीकही प्रसिद्ध आहे. पण तिचा वाफवलेला 'हासुमुशी' दाशीत असतो आणि त्यात बहुधा मासा किंवा कोळंबी घातलेली असते, हे धरून चला. चहाच्या काड्या भाजून केलेला 'कागा बोचा' दिवसभर प्या, त्याचा वास भाजलेल्या धान्यासारखा येतो. शहरात भारतीय उपाहारगृहंही आहेत. बरोबर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि पाकीटबंद थेपले ठेवा, पाणी उकळायची किटली खोलीत असतेच.

मासे खाणाऱ्यांना मात्र इथे हात आवरावा लागेल. हिवाळ्यातले तेलकट बुरी आणि नोदोगुरो हे मासे, खेकडा, गोड कोळंबी. हिवाळ्यात समुद्रावर गडगडाट झाला की बुरी किनाऱ्याजवळ येते, म्हणून त्या विजेला तिथे 'बुरी-ओकोशी', बुरीला जागवणारी, म्हणतात. ढगांचा कडकडाट ऐकून घाबरू नका, तिथल्या हिवाळ्याचा तो नेहमीचा आवाज आहे. ओमिचो बाजारात सकाळी नऊनंतर जा आणि भावाची पाटी वाचून मगच बसा, कारण एकेका वाटीवर मासा रचत गेलं की बिल बघता बघता वाढतं.

पहिला पूर्ण दिवस : बाग, किल्ला, भिंती

केनरोकुएनचं तिकीट ३२० येन आहे आणि हिवाळ्यात बाग आठला उघडते. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी सहापासून रेंचिमोन आणि झुइशिनझाका या दोन दारांतून विनामूल्य प्रवेश असतो, फक्त आठच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर पडायचं. सात वाजता आत असा. उजेड नुकताच फुटतो, चार-पाच स्थानिक म्हातारे फिरत असतात आणि कासुमिगाइके तळ्याभोवती दुसरं कोणी नसतं.

तळ्याच्या काठी कारासाकीचा पाइन शोधा. इथल्या राज्यकर्त्या माएदा घराण्याच्या तेराव्या सरदाराने, नारियासूने, बिवा सरोवराकाठच्या कारासाकीहून बी आणवून तो वाढवला. त्याला पाच खांब आणि सुमारे ८०० दोऱ्या असतात. इथला बर्फ ओला, म्हणून जड. फांद्यांवर साचला की मोडतात. खोडाजवळ उंच खांब रोवून त्याच्या टोकापासून एकेका फांदीपर्यंत दोरी सोडायची, अशी ही 'युकित्सुरी'. दुरून उघडलेल्या छत्रीच्या काड्या वाटतात. फळांनी वाकलेली सफरचंदाची झाडं तोलायची जी रीत होती तिचंच नाव या पद्धतीला पडलं आहे. जवळ जाऊन एक दोरी फांदीला कुठे बांधली आहे ते पाहा. फांदी दबू नये इतकी सैल आणि वजन पेलेल इतकी ताणलेली, हे दर वर्षी प्रत्येक फांदीसाठी नव्याने ठरवावं लागतं. मी तिथे अर्धा तास फक्त गाठी पाहत उभी होते.

मग समोरच्या पुलाने किल्ल्यात. आवारात फिरायला पैसे लागत नाहीत. माएदा तोशिइए १५८३ साली इथे आला. त्याच्या घराण्याची मिळकत दहा लाख कोकू (तांदळाचं जुनं माप) तांदूळ मोजली जाई. छपरांवर शिशाचे पत्रे असल्याने बर्फ नसतानाही ती पांढुरकी दिसतात.

पाऊस वाढला तर याच दिवशी दुपारी आत शिरा. २००४ सालचं गोल काचेचं एकविसाव्या शतकाचं कला संग्रहालय तिथून पाच मिनिटांवर आहे. पण जास्त आग्रह मी डी. टी. सुझुकी संग्रहालयाचा धरेन. झेन विचार पाश्चात्त्य जगाला समजावून सांगणाऱ्या या कानाझावाच्या सुपुत्रासाठी तानिगुची योशिओने बांधलेली ही वास्तू २०११ साली उघडली. आत पाहायला थोडंच आहे. बाहेर पाण्याचा एक उथळ आरसा आहे, आणि पाऊस पडत असेल तर तुम्ही योग्य दिवशी आलात. दोघं जण शेजारी बसून एक शब्दही न बोलता तिथे तासभर काढू शकतात. दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

संध्याकाळी नागामाचीत सामुराईंच्या घरांच्या गल्ल्या. डिसेंबर ते मार्च इथल्या मातीच्या भिंतींना भाताच्या पेंढ्याच्या चटया बांधतात. बर्फ भिंतीला चिकटला की ओल आत शिरते, गोठते आणि माती तडकते. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झाप बांधलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या गल्लीत वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरा दिवस : शिराकावा-गो

बसचं आरक्षण महिनाभर आधी करा, जायचं आणि यायचं दोन्ही. सव्वा ते दीड तास लागतो. शक्य असेल तर तिकीट असं घ्या की हवामान बघून हा दिवस तिसऱ्या दिवसाशी बदलता येईल. जोराच्या बर्फात महामार्ग बंद होतो आणि बसही रद्द होते.

गावाचं नाव ओगिमाची. १९९५ साली शेजारच्या गोकायामाबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं. घरांना 'गाश्शो' म्हणतात, म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. छपराचा उतार साठ अंशांच्या जवळपास, गवत शाकारलेलं, आणि छपराचा सांगाडा दोऱ्यांनी व कोवळ्या फांद्यांनी बांधलेला, खिळे नाहीत. छप्पर बदलायला सारं गाव हजर होतं. या रीतीला ते 'युइ' म्हणतात. आपल्याकडची सावड तीच. वादा घराच्या माडीवर चढा : खाली चूल पेटायची, धूर वर जाऊन लाकूड-गवत कीड लागण्यापासून राखायचा, आणि त्याच उबेत रेशमाचे किडे वाढायचे.

बस उतरल्यावर आधी वरच्या शिरोयामा माचीवर जा. बर्फात चालायची वाट बंद असते, गावातून छोटी बस नेते. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी. मग गावात उतरून मुख्य रस्ता सोडा आणि दक्षिणेकडच्या शेतांमधल्या वाटा धरा. लोक इथे राहतात, अंगणात शिरू नका, छपराखाली उभे राहू नका, वरून बर्फाचा थर कोसळतो. चार तास पुरतात. जानेवारी-फेब्रुवारीतल्या मोजक्या रात्री दिव्यांची रोषणाई असते, पण त्यासाठी आगाऊ आरक्षण लागतं. ते मिळालं नाही म्हणून दौरा बदलू नका.

तिसरा दिवस : हिगाशी चाया आणि सोन्याचा वर्ख

चहागृहांचा हा मोहल्ला १८२० साली वसवला. बारीक उभ्या गजांच्या लाकडी जाळ्यांतून आतल्या माणसाला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं नाही. 'शिमा' हे घर त्याच वर्षीचं, तिकीट काढून आत जाता येतं.

आपल्याकडे बर्फी-काजूकतलीवर वर्ख लावायची सवय असलेल्यांनी इथे थांबलंच पाहिजे. जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावात होतो. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. संस्कार केलेल्या हातकागदात ठेवून कुटण्याच्या 'एन्त्सुके' पद्धतीचा समावेश २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशात झाला. हवेतली ओल त्याला मानवते. कोरड्या हवेत स्थिर वीज तयार होऊन वर्ख उडतो, चिकटतो. सोन्याचं आइस्क्रीम फोटोपुरतं ठीक आहे. त्याऐवजी जेवायच्या काड्यांवर किंवा डबीवर स्वतः वर्ख चिकटवायचा तासाभराचा वर्ग करा. दोघांनी एकमेकांसाठी एकेक वस्तू करावी. श्वास रोखून काम करावं लागतं.

दुकानं पाचच्या सुमारास मिटतात. त्यानंतर आसानो नदीकाठी काझुए-माचीत चाला. दिवे लागलेले असतात, गर्दी उतरलेली असते. वाजिमाचं लाखकाम कुठे दिसलं तर जरूर पाहा. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात वाजिमा ज्यात येतं त्या उत्तरेकडच्या नोतो द्वीपकल्पाचं फार नुकसान झालं, तिथल्या कारागिरांना प्रत्येक खरेदीचा आधार आहे.

याच सुमारास जानेवारीचा शेवटचा रविवार येत असेल तर शहराच्या बाहेरच्या युवाकु ओन्सेनला जा. त्या दिवशी बर्फाच्या कोठारात, हिमुरोत, बर्फ भरतात आणि ३० जूनला ते उघडतात.

चौथा दिवस : यामानाका ओन्सेन

शिंकानसेनने कागा ओन्सेन स्टेशन, तिथून बसने अर्ध्या तासात यामानाका. हायकू कवी मात्सुओ बाशो १६८९ मध्ये इथे आठवड्याहून जास्त रमला होता. दरीतून काकुसेनकेईची वाट जाते. बर्फ असेल तर कोरोगीच्या लाकडी पुलापर्यंतच जा.

सामायिक स्नानगृहं स्त्री-पुरुषांची वेगळी असतात आणि आत कपडे अजिबात चालत नाहीत. आपल्याला हे अवघड जातं, मलाही गेलं. उपाय आरक्षणाच्या वेळीच करायचा : 'काशिकिरी', म्हणजे तासाभरासाठी दोघांनाच मिळणारं कुंड, आहे का ते विचारा. आधी बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, मगच पाण्यात उतरायचं. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. पाणी चाळीस अंशांच्या वर असतं, दहा मिनिटांनी बाहेर या. युकाता या सुती झग्याची डावी बाजू उजवीवर घ्या. उलटं फक्त मृताला नेसवतात. जेवणात मासे असणारच, म्हणून शाकाहाराचं आठवडाभर आधी लेखी कळवा. शेवटच्या क्षणी सांगितलं तर त्यांनाही वाईट वाटतं आणि तुमच्यापुढे भात-लोणचं येतं.

परत निघताना

कागा ओन्सेनहून त्सुरुगापर्यंत शिंकानसेन आणि तिथे 'थंडरबर्ड'ने क्योटो. हा मार्ग १६ मार्च २०२४ ला त्सुरुगापर्यंत वाढला, तेव्हापासून हा बदल करावा लागतो. बदलायला जेमतेम आठ मिनिटं असतात. शिंकानसेन वरच्या मजल्यावर थांबते, थंडरबर्ड तळमजल्यावर. तिथे खायला घ्यायला थांबू नका. हिवाळ्यात बिवा सरोवराच्या पश्चिम काठावर डोंगरावरून जोराचा वारा सुटतो आणि गाड्या रखडतात किंवा वळवल्या जातात, म्हणून विमानाच्या दिवशी हा प्रवास ठेवू नका. आदल्या दिवशी क्योटो गाठा.

या गाडीतही डावी खिडकी घ्या, सरोवर त्या बाजूला आहे. क्योटो यायच्या थोडं आधी एक लहान स्टेशन झपकन मागे जातं. गाडी तिथे थांबत नाही, पाटी वाचायची तर आधीपासून तयार राहावं लागतं. नाव कारासाकी. केनरोकुएनमधल्या आठशे दोऱ्यांच्या पाइनचं बी इथलं.